एक मे : राज्य दाराशी कसे आले

मे महिन्याची पहिली तारीख आली, की गावोगावच्या शाळांत सकाळी झेंडा चढतो. कित्येक शाळांत त्याच दिवशी मुलांच्या हाती निकालपत्रक पडते आणि उन्हाळी सुट्टीला सुरुवात होते. त्या गडबडीत एखाद्या मुलाला विचारून पाहा, "आज काय आहे रे?" तो चटकन सांगेल, "महाराष्ट्र दिन." पुढे विचारा, "म्हणजे त्या दिवशी काय झालं?" तो म्हणेल, "महाराष्ट्र झाला." याच्या पुढे मात्र बहुतेकांची गाडी अडते. आणि खरे सांगायचे तर मुलांचीच नव्हे, आपली मोठ्यांचीही अडते.

श्रोतेहो, तारीख ही भिंतीतल्या खुंटीसारखी असते. एकाच खुंटीवर घरातल्या चार माणसांची पागोटी टांगलेली असतात. वरचे तेवढे दिसते, खालची दिसत नाहीत. १ मे या खुंटीवर सगळ्यांत वर १९६० सालचे पागोटे आहे. पण त्याच्या खाली १९४७ आहे, १९६२ आहे, १९६६ आहे, १९८१ आणि १९९९ आहे. ही सगळी साले आपल्या राज्याच्या इतिहासातली, आणि सगळ्यांची तारीख एकच. आज ती पागोटी एकेक करून खाली काढू आणि त्यांना बांधणारा काही धागा आहे का ते पाहू.

तो धागा कोणता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना सोपे जाईल. या प्रत्येक घटनेत सामान्य माणूस आणि एखादे मोठे दार, यांच्यातले अंतर कमी करण्याचा प्रयत्न दिसतो. कधी ते दार देवळाचे, कधी सरकारी कचेरीचे, कधी भाषेचे. आता म्हसवडसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला अंतर म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगायला नको. तालुक्याचे ठाणे दहिवडीला. जिल्ह्याचे ठाणे साताऱ्याला, म्हणजे पश्चिमेला ऐंशी-नव्वद किलोमीटर. विभागाची कचेरी पुण्याला, राजधानी मुंबईला. एका दाखल्यासाठी किती हेलपाटे पडतात आणि एका हेलपाट्यात किती रोजगार बुडतो, याचा हिशेब माणदेशातल्या माणसाला तोंडपाठ असतो.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. १ मे ही तारीख जगभर कामगारांची म्हणून ओळखली जाते. १८८६ सालच्या १ मेला अमेरिकेत कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी मोठा संप पुकारला. शिकागो शहरात त्यातून रक्तपात झाला. पुढे १८८९ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हा दिवस कामगारांचा म्हणून पाळायचे ठरवले. भारतात पहिला कामगार दिन १९२३ साली मद्रासला साजरा झाला. आपल्या भागातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांना हा दिवस ओळखीचा होता. लाल बावट्याच्या मिरवणुकीत सातारा जिल्ह्यातले किती हात असतील! महाराष्ट्राच्या चळवळीत पुढे हेच गिरणीकामगार छातीचा कोट करून उभे राहिले. तेव्हा ही दोन नाती एकाच दिवशी जुळावीत, हे शोभूनच दिसते.

आता पहिले साल घेऊ. १९४७. देश स्वतंत्र व्हायला अजून साडेतीन महिने होते. आपल्या म्हसवडवरून पूर्वेला जाणारा रस्ता पंढरपूरला जातो. त्या पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी उपोषण सुरू केले. मागणी एकच होती : विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे.

साने गुरुजी म्हटले, की आपल्याला 'श्यामची आई' आठवते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले ते पुस्तक घराघरांत गेले. गुरुजी अंमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, हे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे. मऊ मनाचा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस या प्रश्नावर मात्र वज्रासारखा कठीण झाला. उपोषणाच्या आधी काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि गावोगाव देवळे आणि पाणवठे सर्वांना खुले करण्याचे आवाहन केले. कितीतरी गावांनी त्यांचे ऐकले. पण पंढरीचे दार बंदच होते. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्या समाजाला सहाशे वर्षे दाराबाहेरूनच हात जोडावे लागत होते.

उपोषण दहा दिवस चालले. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि गुरुजींनी उपोषण सोडले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच बेकायदा ठरवली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दार उघडण्याचे श्रेय एकट्या गुरुजींचे, असे कोणी समजू नये, आणि गुरुजींनीही तसे समजले नसते. १९२७ साली महाडचे चवदार तळे आणि १९३० च्या २ मार्चपासून नाशिकचे काळाराम मंदिर, या दोन्ही ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्यांच्यावर अन्याय होत होता, ते स्वतःच उभे राहिले होते. त्यांनी मार खाल्ला, खटले सोसले. त्या लढ्याने जमीन नांगरली गेली होती, म्हणून पंढरपुरातले पेरलेले उगवले. मुलांना सांगताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. अर्धी गोष्ट सांगितली, तर ती खोटी पडते.

तेव्हा १ मे या तारखेवर महाराष्ट्राने पहिले नाव कोरले, ते देवाच्या दाराचे. राज्य अजून व्हायचे होते. पण राज्य कोणासाठी हवे, याचे उत्तर तेरा वर्षे आधीच लिहिले गेले होते.

आता १९६०. या सालाची गोष्ट सांगण्यापूर्वी तेव्हाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मराठी बोलणारा मुलूख तीन सरकारांत वाटला गेला होता. आपण मुंबई राज्यात होतो. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशात होते. मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १९४८ नंतर हैदराबाद राज्यात. म्हणजे साताऱ्याचा माणूस मुंबईकडे, अकोल्याचा नागपूरकडे आणि बीडचा हैदराबादकडे तोंड करून बसलेला. तिघांची भाषा एक, ओवी एक, पंढरीची वाट एक. आणि सरकारे मात्र तीन.

१२ मे १९४६ रोजी बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. साहित्यिकांच्या मांडवात राजकीय मागणी उभी राहिली, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. पण भाषेचे दुखणे भाषेच्या माणसांना आधी कळले, यात नवल ते काय? १९५३ साली नागपूर करार झाला आणि विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र यांनी एकत्र येण्याच्या अटी ठरल्या. त्याच साली फाजल अली आयोग नेमला गेला. १९५५ साली त्याचा अहवाल बाहेर आला, आणि मराठी माणसाची घोर निराशा झाली. आयोगाने गुजराती आणि मराठी मुलखाचे एकच द्विभाषिक राज्य सुचवले आणि विदर्भ वेगळा ठेवायला सांगितले. पुढे १९५६ च्या जानेवारीत तर मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली.

मग आंदोलन पेटले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला होता. जानेवारीत पुन्हा झाला. या लढ्यात १०५ माणसे गेली, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यांत गिरणीकामगार होते, विद्यार्थी होते, रस्त्याने जाणारी साधी माणसेही होती. केंद्र सरकारात अर्थमंत्री असलेल्या चिंतामणराव देशमुखांनी या प्रश्नावर राजीनामा दिला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट अशी एरवी एका पंक्तीला न बसणारी माणसे एका व्यासपीठावर आली. शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या डफाने मैदाने भरली. यातले अण्णा भाऊ मूळचे वाटेगावचे, म्हणजे वाळवे तालुक्याचे, आपल्या शेजारचे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक राज्य आले. विदर्भ आणि मराठवाडा त्यात आले, पण सोबत गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छही आले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मते दिली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला पंडित नेहरू आले, तेव्हा समितीने वाटेवर मोठी निदर्शने केली. ती आपल्याच सातारा जिल्ह्यात. शेवटी दिल्लीला कळून चुकले, की दोन घरांचा संसार एका चुलीवर चालणार नाही. संसदेने १९६० च्या एप्रिलमध्ये कायदा केला. ३० एप्रिलची मध्यरात्र उलटली आणि मुंबईच्या राजभवनात पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी गुजरातही स्वतंत्र राज्य झाले. म्हणून १ मे हा आपला जसा, तसा गुजराती बांधवांचाही दिवस आहे.

पहिले मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. लहानपणीच वडील वारले. विठाई नावाच्या निरक्षर पण कणखर आईने मुलांना वाढवले. कराडच्या शाळेत शिकलेला हा मुलगा नव्या राज्याचा पहिला कारभारी झाला.

शिक्षकमित्रांसाठी इथे एक छोटे गणित देतो. नव्या महाराष्ट्रात जिल्हे किती होते? जुन्या मुंबई राज्यातले, मुंबई शहर धरून, १३, विदर्भातले ८, मराठवाड्यातले ५. बेरीज २६. आता मुलांना विचारा, त्या २६ मध्ये सांगली होते का? मुले 'हो' म्हणतील. पण त्या दिवशी सांगली नावाचा जिल्हाच नव्हता! १९४९ साली सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा झाला होता, आणि १ मे १९६० रोजीही त्याचे नाव दक्षिण सातारा हेच होते. सांगली हे नाव त्यानंतरचे.

हेही सांगावे, की त्या दिवशी जे मिळाले त्याला 'संयुक्त' म्हणताना अनेकांचा गळा दाटून येत होता. बेळगाव, निपाणी, कारवार हा भाग १९५६ सालीच म्हैसूर राज्यात गेला होता. ज्या बेळगावात ठराव झाला, ते बेळगावच बाहेर राहिले. पुढे महाजन आयोग आला, त्याचा अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. सणाच्या दिवशी ही आठवण कडू लागेल, पण इतिहास पुरणपोळीसारखा गोडच असला पाहिजे, असा काही नियम नाही.

आता येतो तो १ मे, ज्याची पाठ्यपुस्तकात एखादी ओळ असते, पण ज्याने खेड्याचे जिणे सर्वांत जास्त बदलले. साल १९६२. राज्याच्या दुसऱ्या वाढदिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या.

राज्य मराठी झाले हे खरे. पण मंत्रालय मुंबईलाच होते. म्हसवडच्या शेजारच्या एखाद्या वाडीत शाळेची खोली बांधायची, तर तो निर्णय वाडीच्या किती जवळ व्हावा? हा प्रश्न होता. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने देशभर पंचायत राज्य आणण्याची शिफारस केली होती. राजस्थानने १९५९ साली नागौर येथून आरंभ केला. महाराष्ट्राने १९६० च्या जूनमध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली आपली स्वतंत्र समिती नेमली. समितीने १९६१ च्या मार्चमध्ये अहवाल दिला, त्यावरून त्याच वर्षी कायदा झाला आणि पुढच्या १ मेला तो कारभार सुरू झाला.

आपल्या पद्धतीचे वैशिष्ट्य काय? मेहता समितीने मुख्य भार तालुक्याच्या, म्हणजे गटाच्या पातळीवर टाकला होता. नाईक समितीने म्हटले, की जिल्हा हेच सर्वांत बळकट ठिकाण. पैसा, माणसे आणि कामे तिथे सोपवा. खाली ग्रामपंचायत, मध्ये पंचायत समिती, वर जिल्हा परिषद, अशी तीन पायऱ्यांची रचना झाली. जिल्हाधिकाऱ्याला यातून बाहेर ठेवले आणि परिषदेसाठी वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला. आमदार-खासदारांनाही परिषदेच्या सभासदत्वापासून दूर ठेवले, म्हणजे गावाकडून नवे नेतृत्व वर यावे. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते, पिण्याचे पाणी, शेतीची मदत ही कामे निवडून आलेल्या माणसांच्या हाती आली. आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळेच्या पाटीवर 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' असे जे लिहिलेले असते ना, त्या पाटीचा जन्मदिवस हा.

पण कोणी म्हणेल, ही कल्पना दिल्लीहून आली. पूर्णपणे तसे नाही, बरं का! माणदेशाच्या मातीने हा प्रयोग आधीच पाहिला होता. म्हसवडहून फार दूर नसलेली आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी आपले अधिकार प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना जाहीर केली. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश अभियंता यांनी ती महात्मा गांधींच्या सल्ल्याने आखली होती. ७२ गावांचे ते छोटे संस्थान. गावाने आपले पंच निवडायचे, गावच्या पंचायतींतून तालुक्याची समिती आणि तालुक्यांतून वरचे कायदेमंडळ, अशी ती चढती रचना होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बिनभिंतींचा तुरुंग उभा राहिला. त्यावरूनच पुढे व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट सुचला, आणि त्याची कथा लिहिली ती माणदेशाच्याच ग. दि. माडगूळकरांनी. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारनेही सातारा जिल्ह्यात गावोगाव न्यायदान मंडळे चालवली. तेव्हा १९६२ चा १ मे या भागात उगवला, तेव्हा जमीन अगदीच कोरडी नव्हती.

पुढे १९९३ साली राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींना घटनेचा आधार मिळाला आणि स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने ते प्रमाण निम्मे केले. आज गावच्या खुर्चीवर सरपंचबाई बसलेली दिसते, तिच्या मागे ही सगळी साखळी आहे. म्हसवड गावाचा स्वतःचा कारभार नगरपालिकेकडे आहे. पण आजूबाजूची खेडी मात्र याच तीन पायऱ्यांनी चढतात.

चौथे साल १९६६. राज्य मराठी माणसांचे झाले, तरी कचेरीतला कागद बराच काळ इंग्रजीतच होता. शेतकऱ्याच्या हाती नोटीस यायची आणि ती वाचून घ्यायला तो गावातल्या मास्तरांकडे धावायचा. नोटीस आपली, जमीन आपली, आणि मजकूर तेवढा परका! १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, १९६५ च्या २६ जानेवारीपासून मराठी ही राज्याची राजभाषा झाली, आणि १ मे १९६६ पासून काही वगळलेली कामे सोडून सरकारी कारभार मराठीतून करण्याचे ठरले. त्याआधी शब्दांची तयारी करावी लागली. १९६२ साली पदनाम कोश निघाला. कलेक्टरचे जिल्हाधिकारी झाले. सुरुवातीला लोक या शब्दांना हसले. आता तेच शब्द न शिकलेल्या माणसाच्या तोंडीही सहज बसले आहेत.

शिक्षकांनी एक फरक मुलांना जरूर सांगावा, कारण यात नेहमी घोटाळा होतो. २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा 'मराठी भाषा गौरव दिन'. आणि १ मे हा 'राजभाषा मराठी दिन'. पहिला दिवस भाषेच्या प्रेमाचा, दुसरा भाषेच्या हक्काचा. तुमच्या हाती पडलेला सरकारी कागद तुम्हाला कळला पाहिजे, हा तो हक्क.

आता राहिली १९८१ आणि १९९९ ही दोन साले. ही जिल्ह्यांची साले आहेत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादच्या बाजूने जालना, असे दोन जिल्हे नवे झाले. सावंतवाडीच्या माणसाला रत्नागिरी गाठायची, तर दीडशे किलोमीटरहून अधिक घाटवळणे पार करावी लागत. एका कामाला दोन दिवस मोडत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया आणि परभणीतून हिंगोली झाले. आरंभीच्या २६ जिल्ह्यांचे आज ३६ झाले आहेत. मधल्या दहा नव्या जिल्ह्यांपैकी चार १ मेला जन्मले.

इथे माणदेशातला श्रोता कान टवकारेल, हे मला ठाऊक आहे. आपली माणगंगा नदी पाहा. ती माण तालुक्यातल्या डोंगरात, कुळकजाईच्या बाजूला उगम पावते, म्हणजे सातारा जिल्ह्यात. म्हसवडवरून ती आटपाडी तालुक्यात जाते, म्हणजे सांगली जिल्ह्यात. तिथून सांगोल्याला, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, आणि शेवटी भीमेला मिळते. नदी एक, दुष्काळ एक, बोली एक, खिलार जनावरांचे बाजार आणि सिद्धनाथाच्या रथाची गर्दी एक. आणि जिल्हे तीन. इंग्रजी अमदानीत बांधलेला राजेवाडीचा तलाव घ्या. त्याला म्हसवडचा तलाव असेही म्हणत आले आहेत. त्याची बुडीत जमीन माण तालुक्यात, भिंत आटपाडीच्या बाजूला, आणि पाणी सांगोल्याच्या शेतांनाही. या पाण्याबद्दल बोलायचे, तर तीन जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत बोलावे लागते. माणदेशाचा वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी यातूनच पुढे आलेली आहे.

ती मागणी बरोबर की चूक, याचा निकाल देणे हे या भाषणाचे काम नाही. दोन्ही बाजू मात्र तोलून पाहाव्यात. जिल्हा जवळ आला, की हेलपाटा वाचतो, दवाखाना मोठा होतो, अधिकारी ओळखीचा होतो. पण नव्या जिल्ह्याला इमारती लागतात, नोकरवर्ग लागतो, त्याचा खर्च शेवटी लोकांच्याच खिशातून होतो. शिवाय ठाणे कोणत्या गावी करायचे, यावरून शेजारी गावांत भांडणे लागतात ती वेगळीच. आणि कचेरी जवळ आली म्हणून पाऊस जवळ येत नाही. ज्यांना अंतर कमी व्हावेसे वाटते, त्यांनी हा सगळा हिशेब आधी मांडावा. अंतर कमी करायला जिल्हा फोडणे हा एकच मार्ग आहे, असेही नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूरच्या पक्षकाराला आता प्रत्येक तारखेला मुंबई गाठावी लागत नाही. जिल्ह्याची रेघ जिथल्या तिथे राहिली आणि दार मात्र जवळ आले.

श्रोतेहो, आता ही पागोटी पुन्हा एका रांगेत मांडून पाहा. १९४७ : देवळाचे दार. १९६० : राज्याचे दार. १९६२ : कारभाराचे दार. १९६६ : भाषेचे दार. १९८१ आणि १९९९ : जिल्ह्याचे दार. प्रत्येक वेळी दार थोडे जवळ आले. पण दार जवळ येणे निराळे आणि ते उघडणे निराळे. पंढरपूरचे दार म्हसवडहून चालत जाण्याच्या अंतरावर होते, तरी काहींना ते शेकडो वर्षे बंद होते. तसेच पंचायत आपल्या गावात असते, आपल्या आळीत असते, तरी तिथे काय ठरले हे आपल्याला कळत नाही, कारण आपण उंबऱ्यापर्यंत जात नाही.

म्हणून शेवटी एक साधी गोष्ट सांगतो. १ मेला किंवा त्याच्या आगेमागे ग्रामसभा घेण्याची प्रथा आपल्या राज्यात वर्षानुवर्षे चालत आली आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्याने सांगितल्या आहेत. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. त्याला वेगळे आमंत्रण लागत नाही. सभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची, हेही कायद्यात आहे. गावच्या पैशाचा हिशेब, कोणाला कोणती योजना मिळणार, टँकर किती आणि कुठे, हे सगळे तिथे विचारता येते, आणि तेही मराठीत. ही सभा बहुतेक ठिकाणी चार खुर्च्यांवर आणि एका सह्यांच्या वहीवर उरकते. वहीवर सही आणि सभेला माणूस नाही, असे झाले की समजावे, दार आपणच लोटून घेतले.

शिक्षकांनी निकालाच्या दिवशी मुलांना सुट्टीचा एक धडा द्यावा. वहीत तीन रकाने आखायला सांगावेत. पहिल्यात घराला वर्षभरात लागलेली सरकारी कामे : सातबारा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, विजेचे, दवाखान्याचे. दुसऱ्यात ते काम कुठे झाले आणि ते ठिकाण किती लांब. तिसऱ्यात किती हेलपाटे पडले. मुले आजीला, वडिलांना विचारतील. आजी सांगेल, की तिच्या काळी हेच काम कुठे व्हायचे. जूनमध्ये शाळा भरली, की त्या सगळ्या वह्या शेजारी शेजारी ठेवून बेरीज करावी. आपल्या गावापासून राज्य किती लांब आहे, हे त्या बेरजेवरून वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळेल. आणि ती बेरीज पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवायला मुलांना कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.